सगुणाचा सहावा रकाना

पुंडलिक नाथा घरत रोह्याच्या एका कॉलेजात चौतीस वर्षं कारकून होता, आणि या चौतीस वर्षांत त्याच्यासाठी कुणी कधी टाळी वाजवली नाही. कारकुनासाठी वाजवतातही कोण? कॉलेजचं नाव घेण्यात अर्थ नाही. झालं ते कुठल्याही कॉलेजात झालं असतं, आणि बऱ्याच ठिकाणी झालंही असेल. फरक एवढाच की तिथे कुणी कबूल केलं नाही.

वडखळच्या पलीकडे खाडीला लागून त्याचं गाव. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला खारी शेतं, आणि दोन्हींना खाडीपासून अडवून धरणारा मातीचा बांध. बाहेरच्या माणसाला वाटतं, बांध एकदा घातला की काम संपलं. तसं नसतं. चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, बांधात बीळ करते, बोटभर. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आलं की त्या बोटभर बिळातून पाणी शिरतं, आणि बघता बघता बैलगाडी जाईल एवढी खांड पडते. खारं पाणी शेतात शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायचं नाही. म्हणून गावाची रीत होती: दर अमावास्येला आणि दर पौर्णिमेला घरटी एका माणसाने बांध फिरायचा. बीळ दिसलं की चिखलाचा गोळा कोंबायचा आणि टाचेने दाबायचा. पुंडलिकचा बाप नाथा मिठागरावर राबायचा, शाळेचं तोंड त्याने पाहिलेलं नव्हतं, पण पोराला तो एक वाक्य मात्र पाठ करायला लावल्यासारखं ऐकवायचा. "बांद बांदून ऱ्हात नाय रं पुंडल्या. बांद फिरून ऱ्हातो."

पुंडलिक ऐकायचा आणि सोडून द्यायचा. त्याला मिठागरावर जायचंच नव्हतं. मिठाने बापाच्या पायांना पडलेल्या भेगा पाहिल्या होत्या, तेवढ्या पुरे होत्या. पेणला मॅट्रिक केलं, पेणलाच टायपिंगच्या क्लासला गेला, आणि एकोणीसशे एक्याऐंशी साली रोह्याच्या कॉलेजात चिकटला. पहाटे सायकलने वडखळ, तिथून एसटी; पुढे पेणहून रेल्वे सुरू झाली तशी रोह्याची गाडी. जाऊन-येऊन दिवसाचे चार तास प्रवासात. तक्रार नव्हती. खुर्ची होती, पंखा होता, आणि पाय कोरडे होते.

त्याच्याकडे काम आलं निकालाचं. विद्यापीठ परीक्षा घ्यायचं ती फक्त तिसऱ्या वर्षाची. पहिल्या दोन वर्षांच्या परीक्षा कॉलेजने घ्यायच्या, कॉलेजने तपासायच्या, आणि कुणाला किती गुण पडले हे जपूनही कॉलेजनेच ठेवायचं. म्हणजे एखाद्या पोराची गुणपत्रिका हरवली, तर त्याला जगात विचारायला एकच दार होतं. त्या दारामागे पुंडलिक बसायचा.

मोठमोठी रजिस्टरं असायची, पोटाशी धरून उचलावी लागतील अशी. जुन्या हेडक्लार्कांनी त्याला ती सांभाळायचं शास्त्र शिकवलं. पावसाळ्यात रोह्याची हवा अशी की खुंटीवरच्या शर्टालाही बुरशी धरते. तेव्हा दसरा झाला, ऊन तापलं, की रजिस्टरं गच्चीवर काढायची, चटईवर उघडून पसरायची आणि आठ दिवस कडक ऊन द्यायचं. या कामात त्याचा जोडीदार म्हणजे शिपाई मोरू. मोरू कोलाडकडचा, घरी भात आणि वाल पिकवणारा. वालाला लाल माती लावून तो कसा वाळवायचा हे त्याला जेवढं कळायचं, तेवढं रजिस्टरांतलं कळत नव्हतं. पण वाळवण ते वाळवण. तो तितक्याच निगुतीने पानं परतायचा. चौऱ्याऐंशी सालच्या रजिस्टराचं पान आजही काढून बघा, कालच लिहिल्यासारखं आहे. त्यात मोरूचे हात आहेत.

दोन हजार साली कॉलेजात संगणक आला. प्राचार्यांनी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, आणि भाषणात सांगितलं की आता कागदाचं युग संपलं. नवे प्राचार्य उत्साही होते, आणि उत्साही माणसाच्या हाताखाली काम करणं हा वेगळाच भोग असतो. रजिस्टरं लिहिणं बंद झालं. प्राध्यापकांनी हाताने लिहून दिलेल्या गुणयाद्या पुंडलिकने संगणकात चढवायच्या, निकाल सीडीवर उतरवायचा, आणि याद्या रद्दीत. एका वर्षी ती रद्दी पेणच्या एका गणपती कारखान्यात गेली. मूर्तीचे हात मोडू नयेत म्हणून कागद गुंडाळतात, त्यात पुंडलिकला आपल्याच कॉलेजची इतिहास विषयाची गुणयादी दिसली. देवाच्या मनगटाला कुणा मुलाचे चाळीस गुण. तो हसला आणि घरी गेला. नंतर हे आठवलं की त्याला स्वतःच्या त्या हसण्याचा राग यायचा.

प्रत्येक सीडीच्या दोन प्रती काढायच्या असा नियम होता, आणि पुंडलिक नियमाचा पक्का. एक प्रत लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात. दुसरी त्याच कपाटाच्या खालच्या खणात.

दोन हजार पाचच्या जुलैत कुंडलिका नदीचं पाणी कॉलेजात शिरलं. संगणक टेबलाखाली, तो बुडाला. खालचा खण बुडाला, चिखलाने भरला. पाणी ओसरल्यावर पुंडलिक आणि मोरूने कपाट उघडलं तेव्हा वरच्या खणातल्या सीड्या जशाच्या तशा होत्या. पाच वर्षांचे निकाल. पुंडलिकने चिखलात उभं राहून कपाटालाच हात जोडले. मोरू म्हणाला, "देवानं राखलं, साहेब."

देवाने राखलं होतं हे खरं. पुढचं माणसांनी केलं.

पावसाळाभर ते कपाट ओलसर भिंतीला टेकून राहिलं, आणि दसऱ्यापर्यंत सीड्यांच्या पाकिटांवर पांढरी बुरशी चढली. पुंडलिकला जे येत होतं तेच त्याने केलं. रजिस्टरं गच्चीवर गेली, त्यांच्यासोबत सीड्याही. मोरूने त्या मऊ फडक्याने पुसल्या आणि चटईवर ओळीने मांडल्या, चकचकीत बाजू वर करून, म्हणजे ऊन नीट लागेल. दिवसातून दोनदा वालासारख्या परतल्या. ऑक्टोबरचं ऊन, गच्चीचा तवा, आणि आठ दिवसांचे पुंडलिकने दहा केले, जास्त काळजी म्हणून. मग नव्या पाकिटांत घालून, नावं लिहून, कपाटात कुलूपबंद. दोघांनाही काम मनासारखं झाल्याचं समाधान होतं. ज्या उन्हाने कागद टिकतो त्याच उन्हाने त्या तबकडीवरचं लिखाण उडून जातं, हे कोलाडच्या वालवाल्याला आणि खाडीच्या मीठवाल्याला कुणी सांगितलं असतं? दोघांचीही आयुष्यं उन्हावर पोसलेली.

पण एक गोष्ट त्याला सांगायची गरज नव्हती. ती बापाने सांगून ठेवलेली होती. तीन वर्षांत पुंडलिकने त्यातली एकही सीडी उघडून पाहिली नाही.

दोन हजार आठच्या जूनमध्ये सगुणा आली. वडखळकडच्याच एका खाडीकाठच्या गावची, पुंडलिकच्या गावापासून दोन बांध पलीकडची. त्यामुळे ती त्याला सर न म्हणता काका म्हणायची. चार वर्षांपूर्वी बी.ए. झालेली. घरात पहिली शिकलेली तीच, आणि अलिबागला एका सरकारी खात्यात कारकुनाच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. कागद तपासायला पंधरा दिवसांनी बोलावणं होतं, तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका घेऊन. पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाची होती. दुसऱ्या वर्षाची दोन हजार पाचच्या त्याच पावसात गेली. त्यांच्या बांधाला खांड पडली, घरात कमरेइतकं पाणी, आणि पत्र्याची ट्रंकच वाहून गेली. बाकीचे कागद वडखळच्या दुकानात लॅमिनेट करायला दिलेले म्हणून वाचले.

"दुसरी प्रत द्या काका. अर्ज आनलाय."

"बस गो. पाच मिनिटांचं काम हाय," पुंडलिक म्हणाला, आणि त्याने कपाटातून दोन हजार तीनची सीडी काढली.

संगणकात घातली. संगणक घरघरला, आणि त्याने पडद्यावर सूचना दिली की सीडी घाला. पुंडलिकने ती काढली, फुंकली, पुन्हा घातली. पुन्हा तेच. सीडी पोटात घेऊन यंत्र म्हणत होतं, सीडी घाला. त्याने दोन हजार चारची घातली. दोन हजार एकची. मग उठून त्या सगळ्या खिडकीपाशी नेल्या आणि आधी कधी न पाहिलेलं पाहिलं. नव्या सीडीच्या पोटाला जी हिरवट-निळी झाक असते ती यांना नव्हती. पाण्यात धुऊन रंग उडालेल्या कापडासारख्या त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्याला गच्ची आठवली, चटई आठवली, आणि वाढवलेले दोन दिवस आठवले.

सगुणा बाकावर बसून वाट बघत होती.

त्याने तिला त्याच दिवशी खरं सांगितलं, हे त्याच्या बाजूने एवढंच सांगता येईल. तिला आधी समजलंच नाही. म्हणाली, "मग दुसऱ्या कपाटात असंल ना?"

पंधरा दिवस होते. पुंडलिकने रजा टाकली आणि तिच्या दुसऱ्या वर्षाचे सहा विषय ज्या सहा प्राध्यापकांनी शिकवले होते त्यांची दारं धरली. प्राध्यापकांत काही जण संशयी स्वभावाचे असतात, आणि त्या आठवड्यात पुंडलिकने संशयी माणसांना मनापासून दुवा दिला. मराठीच्या बाईंनी कार्बन प्रत ठेवली होती. इतिहासाच्या सरांची डायरी होती. नागोठण्याला एक, पेणला दोन, एक पनवेलला मुलाकडे राहायला गेलेले. यादी मिळाली की तो त्यांच्या समोर बसून उतरवून घ्यायचा, सही घ्यायचा. बाराव्या दिवसापर्यंत पाच विषय जमले. सगुणाच्या नावापुढे त्याने सहा रकाने आखले होते, त्यातले पाच भरले. राहिलं अर्थशास्त्र.

अर्थशास्त्र शिकवायचे हैबतराव सर. नाव एवढं भारदस्त आणि माणूस चिमणीएवढा, आवाज त्याहून लहान. दोन वर्षांपूर्वीच ते वारले होते. कोलाडच्या पुढे आत त्यांचं घर. त्यांच्या बायको शांतीबाई ओटीवर वाल निवडत बसल्या होत्या. पुंडलिकने नमस्कार केला, हकिगत सांगितली, आणि विचारलं, "सरांनी याद्यांचे कागद कुठं ठेवलेत का, बाई? जुने कागद, वह्या, काहीही?"

शांतीबाईंनी त्याला आत नेऊन सरांचं कपाट उघडून दाखवलं. पुस्तकं होती. कागद एकही नव्हता. "त्यांना कागदांचा पसारा आवडायचा नाय," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी तर पेन पन धरत नव्हते."

पुंडलिक निघाला. त्यांनी चहासाठी थांबवलं तरी थांबला नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत तिघं होते: प्राचार्य, सगुणा आणि पुंडलिक. पाच विषयांचे गुण टेबलावर होते. प्राचार्यांनी ते पाहिले आणि घड्याळ पाहिलं.

"अहो घरत, पाचही विषयांत साठच्या आसपास आहे मुलगी. सहाव्यात साठ टाका. काढा गुणपत्रिका, मी सही करतो. कोण बघायला येणार आहे?"

"साठ नाय," सगुणा म्हणाली. "त्रेसष्ट व्हते. मला आठवतंय. सरांनी वर्गात बोलून दावले व्हते."

पुंडलिकने तिच्याकडे पाहिलं. ती खोटं बोलत नाही हे त्याला लख्ख दिसत होतं. परीक्षेला बसलेलं पोर आपले गुण विसरत नाही. आणि तरीही त्याचे हात पुढे होईनात.

"मला ठावं हाय गो, तू खरं बोलतेस," तो म्हणाला. "पन माझ्याकडं ते नाय. नसलेलं मी एकदा लिवलं, तर ज्यांचं असंल त्यांचं पन उद्या कोन मानंल?"

"घालवलंत तुमी," सगुणा म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "आनि सोसायचं मी?"

तो बरोबर होता की आपल्या पापाची किंमत दुसऱ्याकडून घेऊन साधू बनत होता, हे ज्याने त्याने ठरवावं. प्राचार्य चिडून म्हणाले, मग काय करायचं ते तुम्ही करा. त्याने कॉलेजच्या कागदावर पत्र लिहिलं: पाच विषयांचे गुण हे असे, सहाव्याची नोंद माझ्या निष्काळजीपणामुळे नष्ट झाली, यात विद्यार्थिनीचा काडीचा दोष नाही. खाली पूर्ण नाव आणि सही. प्राचार्यांनी सही करायला नकार दिला, तेव्हा एकट्याचीच.

दुसऱ्या दिवशी तो तिच्याबरोबर अलिबागला गेला. तपासणीच्या टेबलावरचा अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने पत्र दोनदा वाचलं. "असं पत्र मी नोकरीत पहिल्यांदा बघतोय," तो म्हणाला. "पण ही गुणपत्रिका नाही हो." मुदत संपली, आणि यादीतलं पुढचं नाव घेतलं गेलं. येताना एसटीत दोघं एकाच बाकावर बसले होते. वडखळला उतरताना सगुणाने त्याची पिशवी त्याच्या हातात दिली, कारण ती त्याने सीटवरच विसरली होती.

पत्राची चौकशी झाली. पुंडलिकवर ठपका आला आणि तो त्याने घेतला. मोरूचं नाव त्याने कुठे येऊ दिलं नाही.

त्यानंतरच्या पहिल्या अमावास्येला पुंडलिकने एक नवी वही घातली. पहिल्या पानावर सगुणाचं नाव, सहा रकाने, पाच भरलेले. दुसऱ्या पानापासून तारखा. दर अमावास्येला आणि दर पौर्णिमेला तो कॉलेजातली निकालाची प्रत्येक सीडी, पुढे प्रत्येक पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क काढायचा, संगणकाला लावायचा, आणि नुसती यादी दिसते एवढ्यावर न भागवता फाइली उघडून आतली नावं वाचायचा. उघडलं की वहीत खूण. एखादी डिस्क उघडायला कुरकुरली की त्याच दिवशी नवी प्रत. सुटी आली तर दुसऱ्या दिवशी. एक प्रत रोह्याला वरच्या मजल्यावर, दुसरी पेणला संस्थेच्या कार्यालयात; ती तो स्वतः पिशवीतून नेऊन ठेवायचा. त्याचा नियम होता: एका नदीच्या पाण्यात दोन्ही प्रती सापडता कामा नयेत. ऑफिसातली नवी मुलं म्हणायची, "काका, आज अमावस्या, तुमच्या डिस्कची पूजा." तो म्हणायचा, "व्हय बाबा, नैवेद्य तेवढा आन."

उन्हात उडालेल्या पाच वर्षांसाठी तो गावं पालथी घालू लागला. ज्यांच्या घरी गुणपत्रिका होत्या त्यांच्या प्रती प्राध्यापकांच्या याद्यांशी ताडून परत चढवायच्या. रविवार त्यात गेले. बायको चंद्रावती म्हणायची, "बापाच्या मिठागरावर नाय गेलात, पन बांद काय सुटला नाय तुमचा." सात वर्षांत चारशे बारापैकी तीनशे अठ्ठ्याऐंशी नावं पुरी झाली.

आणि कोपऱ्यात एक म्हातारा संगणक होता. पुराच्या पाठोपाठ जुनापाना म्हणून कुणी दान दिलेला, फ्लॉपी घालायची खाच असलेला. कॉलेजचा दर्जा ठरवायला येणाऱ्या समितीसमोर तो दिसायला नको म्हणून प्राचार्यांनी दोनदा भंगारात काढायला सांगितला. पुंडलिकने दोन्ही वेळा त्याला चादर पांघरून रेकॉर्डरूममध्ये लपवला. जुन्या डिस्का वाचायच्या तर जुनं यंत्र हवं, एवढंच त्याचं म्हणणं. दर फेरीत तो त्यालाही सुरू करून बघायचा. सगळे त्याला पुंडलिककाकांची म्हातारी म्हणायचे.

दोन हजार पंधराच्या एप्रिलअखेरीस पुंडलिक निवृत्त होणार होता. मार्चमध्ये शांतीबाई स्वतः कॉलेजात आल्या. बरोबर मोरू होता, त्यांच्याच गावाकडचा. त्या घर सोडून मुलीकडे चालल्या होत्या. आवराआवर करताना वालाचं पिंप उपसलं, तर तळाशी बिस्किटाचा पत्र्याचा डबा निघाला. डब्यात दोरे, सुया, आणि सात काळ्या फ्लॉप्या.

"ह्यांनी जाताना सांगितलं व्हतं, हे ओलीला लागू द्यायचं नाय," शांतीबाई म्हणाल्या. "आमच्याकडं ओलीला लावायचं नाय ते वालात ठेवतात. घरातली सगळ्यात कोरडी जागा तीच. मोरूला विचारलं, फेकू का? तो म्हनाला, घरत साहेबांना दावल्याबिगर काय फेकू नका."

हैबतराव सरांनी घरच्या संगणकावर सगळे गुण आधी स्वतः चढवले होते. कॉलेजात एवढा हौशी माणूस तेच एक, आणि आवाज बारीक म्हणून कुणाला पत्ता नव्हता. पुंडलिक त्या डब्याकडे बघत राहिला. सात वर्षांपूर्वी तो त्या ओटीवर उभा होता. ते पिंप त्याच्यापासून चार पावलांवर असेल. सीड्यांनी दगा दिला म्हणून तो फक्त कागद मागायला गेला होता, आणि बाईंनी कागद नाही म्हणून सांगितलं, ते खरंच सांगितलं. तेव्हा तीन दिवस बाकी होते.

म्हाताऱ्या संगणकावरची चादर काढली. पहिल्या दोन फ्लॉप्या वाचल्या नाहीत. तिसरी कुरकुरत राहिली, मोरू शेजारी श्वास धरून उभा, आणि पडद्यावर यादी उतरली. द्वितीय वर्ष कला, एप्रिल दोन हजार तीन, अर्थशास्त्र. पुंडलिकने बोट लावून नावं खाली घेतली. सगुणाच्या नावापुढे त्रेसष्ट होते.

तो खुर्चीत बसला आणि टेबलावर डोकं ठेवून रडला. मोरूने दार लावून घेतलं.

नव्या प्राचार्यांची सही घेऊन, शिक्का मारून, पुंडलिक ती गुणपत्रिका घेऊन वडखळला उतरला आणि बांधावरून चालत सगुणाच्या गावी गेला. ती माहेरच्या शेजारच्याच घरात दिलेली होती. एका कंपनीत पॅकिंगला होती, सकाळची शिफ्ट करून नुकतीच आलेली. भिंतीवर पाणी चढल्याची रेघ होती, गुडघ्याइतकी, आणि तिच्यावर आणखी एक. तिने त्याला ओळखलं, पाणी दिलं. त्याने कागद पुढे केला.

तिने सहाही विषय वाचले, वरून खाली, सावकाश. शेवटच्यापाशी थांबली.

"त्रेसष्ट," ती म्हणाली.

"तुझंच बरोबर व्हतं गो. मी..." येताना बांधावर त्याने बरंच जुळवून ठेवलं होतं.

"मला ठावं व्हतं काका," सगुणा म्हणाली. "तुमाला पन ठावं व्हतं."

तिने कागद हाताने सरळ केला, पुन्हा एकदा वाचला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तो असता तर पुंडलिकला बरं वाटलं असतं. मग तिने भिंतीवरच्या रेघांकडे नजर फिरवली, आणि कागद त्याच्या हातात परत दिला.

"तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या काका. आमच्या घरात उधानाचं पानी येतं."

"मी तीस तारखेला सुटतो गो."

"मग काय झालं?" सगुणा म्हणाली. "बांद फिरायला नोकरी लागते व्हय?"

पुंडलिक तीस एप्रिलला निवृत्त झाला. शाल, नारळ आणि दोन भाषणं झाली; कामकाज आता विद्यापीठाच्या यंत्रणेवर जाणार, त्यामुळे नोंदी कायमच्या सुरक्षित झाल्या आहेत, असं त्यातल्या एका भाषणात होतं. मे महिन्यातल्या अमावास्येला तो नेहमीच्या गाडीने रोह्याला उतरला. मोरूने रेकॉर्डरूम उघडून ठेवली होती. पुंडलिकने वही काढली, तारीख घातली, आणि सगळ्यात आधी सगुणाची फाइल उघडली. सहा रकाने होते. त्याने सहाही वाचले, खूण केली, आणि पुढचं नाव उघडलं.